पोटाशी बोलणाऱ्या मस्कतमावशी

सोमवार, १४ जुलै २००८, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. आदिलाबादच्या महिला मंडळाच्या वरच्या मजल्यावरील हॉलमध्ये पाऊल ठेवताना मी घड्याळ पाहिले होते, कारण त्या काळी माझ्या दिवसाचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेले असे आणि त्यात या कामासाठी पन्नास मिनिटांपेक्षा अधिक जागा नव्हती. समोरून पन्नाशीच्या एक सडपातळ बाई आल्या. हिरवी नायलॉनची साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. किंचित वाकून त्यांनी थेट माझ्या पोटाकडे पाहिले आणि विचारले, "काऊन बाबू, असा आकसून काऊन बसला?"

मी उत्तर देऊ लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"तुले नाही इचारलं."

या मस्कतमावशी. मंडळाच्या कागदोपत्री त्यांचे नाव निराळे होते, पण ते कोणी वापरल्याचे मी ऐकले नाही. बारा वर्षे मस्कतला राहून आलेली बाई म्हणून गावाने त्यांना हे नाव दिले आणि त्यांनी ते बिनतक्रार घेतले. माणसे चेहऱ्यावरून ओळखायची असतात हा नियम त्यांना मान्य नव्हता. चेहरा पावडर लावून येतो, पोट आहे तसे येते, असे त्यांचे म्हणणे. एकदा भाजीबाजारात आमच्या वर्गातल्या एक काकू कोबीच्या ढिगाआड बसून निवड करत होत्या. मस्कतमावशी समोर उभ्या राहून त्यांच्याशी परक्यासारख्या हिंदीत कोबीच्या दर्जावर बोलल्या. काकू उठून उभ्या राहिल्या तेव्हा मावशींची नजर खाली गेली आणि त्या म्हणाल्या, "अगं बाई, तुमी व्हय. मंगळवारी काऊन नाही आल्या?"

मी तिथे कशी पोहोचले हेही सांगायला हवे. एम. एस्सी. पूर्ण करून मी संशोधनवृत्तीच्या परीक्षेची तयारी करत होते. हैदराबादच्या एखाद्या प्रयोगशाळेत जागा मिळवायची, त्यापलीकडे जगाकडून माझी काही मागणी नव्हती. दिवसभर खुर्चीत बसून बसून सहा महिन्यांत माझी पाठ सत्तरीला पोहोचली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. पण आदिलाबादेत अविवाहित मुलीने रोज संध्याकाळी चालायचे म्हणजे दर दहा पावलांवर एकाला आपल्या लग्नाची सद्यस्थिती सांगायची. जिल्हा परिषदेत हिशेब पाहणाऱ्या माझ्या आईने व्यवहारी तोडगा काढला. महिला मंडळाच्या जिन्यापाशी पाटी होती: 'सांधेदुखी-कंबरदुखी निवारण वर्ग, फक्त महिलांसाठी'. आई मंडळाची सभासद होती. तिने माझे नाव घातले.

दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आले की सांधेदुखीच्या कोणत्याही उपचारात कमरेने इंग्रजी आठचा आकडा काढत नाहीत. वर्ग संपल्यावर मी मावशींना गाठले आणि स्पष्ट विचारले, "मावशी, हा बेली डान्स आहे ना?"

त्यांनी आधी जिन्याकडे पाहिले, मग माझ्या पोटाकडे. "पाटीवर लिहिलं ते बी खोटं नाही. काल पाठ दुखत होती. आज दुखून राह्यली का?"

दुखत नव्हती. पुरावा माझ्याच पाठीत असल्यामुळे मी वाद थांबवला.

हा नाच त्या कुठे शिकल्या, ही कथा त्या प्रत्येक नव्या विद्यार्थिनीला सांगत. मस्कतच्या एका घरात त्या म्हाताऱ्या आजीची देखभाल करायला होत्या. घरच्या सुनेला शिकवायला इजिप्तची एक बाई येई आणि चहाचा ट्रे घेऊन मावशी दारात उभ्या असत. सुनेला जे वर्षभर जमले नाही ते मावशींच्या कमरेने दारातल्या दारात उचलले. "ट्रे हातात धरून शिकली मी," त्या सांगत, "म्हणून माझे खांदे हालत नाहीत. खांदे हालले असते तर चहा सांडला असता आन् नोकरी गेली असती." या इतिहासाचे त्यांनी अभ्यासक्रमात रूपांतर केले होते. प्रत्येकीने घरून स्टीलचा ट्रे आणि पाण्याने भरलेला पेला आणायचा. पहिल्या महिन्यात हॉलची फरशी इतकी ओली असे की खालच्या खत-बियाण्याच्या दुकानदार शेटनी छत गळते म्हणून मंडळाकडे अर्ज केला.

परत आल्यावर त्या भावाच्या घरी राहत होत्या. मस्कतची सून अधूनमधून फोन करी: परत या, व्हिसा पाठवते. मावशी तो फोन बाहेरच्या गॅलरीत जाऊन घेत आणि येताना चेहरा पाडून येत. एकदा त्या स्वतःहून म्हणाल्या, "बारा वर्षं मी दुसऱ्याच्या घरच्या घड्याळानं उठली. हितं चार वाजता बारा जणी माह्यासाठी जिना चढून येतेत. हा हॉल हाय तंवर मी हाय. हॉल गेला तर भावाच्या घरात मी काय, एक जास्तीचं ताट." हॉल वर्षाच्या कराराने मिळालेला होता. दसऱ्यानंतरच्या वार्षिक सभेत पुढच्या वर्षाचा निर्णय व्हायचा होता आणि पाटीवरचा मजकूर वाचूनच मंडळाच्या अध्यक्षबाईंनी तो पहिल्यांदा दिला होता. त्यामुळे आम्हा सर्वांना एक सक्त सूचना होती. जिन्याखाली 'नाच' हा शब्द उच्चारायचा नाही.

या नाचाबद्दलचा सार्वत्रिक समज असा की त्यात पोट दिसावे लागते. आमच्या गावी तो एकाही पोटाचे दर्शन न होता शिकवला गेला. पाच वारी साड्या, पंजाबी ड्रेस, एका काकूंची नऊवारी, आणि सर्वांत जास्त झाकलेल्या खुद्द मावशी. त्या कापडावरून तळहात टेकवत आणि डोळे मिटत. "हितं दगड हाय," असे निदान होई, किंवा "हितं कोणावर तरी राग हाय." निदानाला शास्त्रीय आधार शून्य होता. पोटात बारा शिरा असतात आणि प्रत्येक शीर एकेका महिन्याची असते, असेही त्या शिकवत. मी शरीररचनेचे पुस्तक आणून त्यांना स्नायूंची आकृती दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "हे मेलेल्या माणसाचं पोट हाय. आपल्याकडं जित्ते येतेत." त्या चुकत होत्या. चूक सिद्ध झाल्याने त्यांच्या आत्मविश्वासावर परिणाम होत नसे, हे मात्र मी अनेकदा पडताळून पाहिले.

हालचालींची अरबी नावे पहिल्याच आठवड्यात निकालात निघाली होती. त्यांच्या जागी मावशींनी जातं, रवी, सूप आणि चाळणी अशी चार नावे बसवली. कंबर संथ गोल फिरवायची ते जातं. डावे-उजवे झटके ती रवी. पोट वर उचलून सोडायचे ते सूप. आणि सगळे अंग स्थिर ठेवून फक्त नितंब थरथरवायचे ती चाळणी. यात अडचण अशी की वर्गातल्या निम्म्याअधिक जणी सरकारी नोकरदारांच्या बायका होत्या आणि जातं त्यांनी लग्नात हळद दळताना एकदा, तेही फोटोपुरते, फिरवलेले होते. मी सुचवले, की जात्याऐवजी मिक्सर म्हणावे, सर्वांना कळेल.

"मिक्सरले बटन असते," मावशी म्हणाल्या. "तुह्या कमरेले कुठं बटन हाय, दाखव."

जातं खऱ्या अर्थाने कळत होते ते एकट्या कावेरीवहिनींना. त्या महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या एका गावच्या. घरी कापूस आणि ज्वारी, दारात बैलजोडी. मुलांच्या शाळेसाठी त्या आदिलाबादेत खोली करून राहत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांची कंबर अशी फिरली की बाकीच्या थांबून पाहत राहिल्या. मावशींनी त्यांच्या पोटाला नमस्कार केला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुहं काय होते सांगू का? तू आधी समजून घेते आन् मग करते. तंवर गाणं संपते."

हे निरीक्षण अचूक होते. उजवा नितंब उचलताना डावा गुडघा किती वाकवावा याचा मी विचार करी आणि तेवढ्यात सगळ्या जणी पुढच्या हालचालीत असत. नाच जमत नसल्याने मी माझ्यापुरते जमणारे काम शोधले. वर्गाआधी आणि वर्गानंतर प्रत्येकीची नाडी मोजायला सुरुवात केली. वार्षिक सभेत कोणी आक्षेप घेतलाच, तर हा हृदयाला उपयुक्त व्यायाम आहे हे तक्त्याने दाखवता यावे, असा माझा हेतू होता. बसल्या जागी ऐंशीच्या आत असलेली नाडी चाळणीनंतर एकशे वीसच्या आसपास जाई. मावशींना हा उद्योग हास्यास्पद वाटे. "हात कायले धरते? हाताले काय म्हाईत?" असे म्हणत त्या पुढे जात.

आता घुंगरांविषयी. या नाचात कमरेला नाण्यांचा झुळझुळीत पट्टा बांधतात. मस्कतहून आणलेला मावशींचा पट्टा जुना होऊन त्याची नाणी गळून गेली होती. नवे पट्टे आदिलाबादेत मिळणे शक्य नव्हते. ऑगस्टमध्ये पोळ्याआधी कावेरीवहिनी इचोड्याच्या बाजाराला निघाल्या तेव्हा मावशींनी त्यांना सांगितले, "घुंगराचे पट्टे भेटले तर घेऊन ये, कमरेपुरते." वहिनी दोन पोती भरून परतल्या. पोत्यांतून निघाल्या त्या बैलांच्या गळ्यात बांधायच्या घुंगरमाळा. जाड चामडी पट्टा, त्याला लाल गोंडे आणि सुपारीएवढी पितळी घुंगरे.

"पोळ्याच्या बाजारात दुसरे कोणते घुंगरू भेटतेत?" वहिनींनी विचारले. "आन् माप बरोबर हाय. बैलाचा गळा आन् नऊवारीवाल्या काकूची कंबर, मी सुतळीनं मोजून घेतली."

त्या काकू दोन दिवस वहिनींशी बोलल्या नाहीत. पण माळ त्यांना नेमकी बसली.

पट्टे जड होते, त्यामुळे थरथर मंदावे. जडत्व वाढले की वारंवारिता घटते, हे मी मावशींना समजावून सांगितले. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "बैलाले जमते. तुले काऊन जमत नाही?" त्या दिवसापासून आमचा वर्ग खालच्या रस्त्यावर ऐकू जाऊ लागला. शेट जिना चढून दारापर्यंत आले, आत न पाहता पाठमोरे उभे राहिले आणि अदबीने म्हणाले, "मेडम, ऊपर बैलां बांधे क्या?" पुढच्या आठवड्यात एक काकू साडीखालची माळ सोडायला विसरून तशाच तहसील कचेरीत नवऱ्याला डबा द्यायला गेल्या. कचेरीतली माणसे खिडकीशी येऊन बैलगाडी शोधत होती, असे त्यांनी परत येऊन सांगितले. त्या ते सांगताना एवढ्या हसत होत्या की मावशींनी त्यांच्या पोटावर हात ठेवला आणि आम्हा सर्वांना म्हणाल्या, "पाहून घ्या. ही खरी चाळणी."

वार्षिक सभा दसऱ्यानंतरच्या रविवारी झाली. तोवर 'पोटाचा नाच' हे शब्द गावात पोहोचलेच होते. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. बोलताना प्रत्येक वाक्य पूर्ण करत आणि ऐकणाऱ्यानेही करावे अशी अपेक्षा ठेवत. त्यांनी सुचवले, की सभासदांनी वर्ग प्रत्यक्ष पाहावा आणि मग हात वर करून निर्णय घ्यावा. आम्ही सर्व बाजूंनी तयारी केली. अश्लीलतेचा आरोप येणार हे गृहीत धरून मी नाडीचा तक्ता मोठ्या कागदावर काढला. मावशींनी पदरांना प्रत्येकी चार सेफ्टी पिना लावायला लावल्या.

मी माझे भाषण सुरू केले. हृदय, रक्ताभिसरण, पाठीचा कणा, असे क्रमाने जात असताना मागून मावशींचा आवाज आला, "लवकर आटप वं, पोटं थंडी होऊन राह्यली." मी आटपले. आठ जणी उभ्या राहिल्या. मावशींनी मस्कतची कॅसेट लावली, पहिला ठोका पडला आणि वीज गेली.

ती त्या वेळेला रोजच जाई. आम्हीच वेळ ठरवताना विसरलो होतो. पंखे थांबले, टेप थांबला. मावशींनी क्षणभरही वाट पाहिली नाही. टाळी वाजवून म्हणाल्या, "यल्ला," म्हणजे मस्कतच्या अरबीत 'चला', आणि कावेरीवहिनींनी जातं सुरू केले. गाणे नसल्याने घुंगरांनाच गावे लागले. आधी सावकाश, मग आठ कमरांच्या माळा एका तालात येत गेल्या. जात्यावरून रवीवर, रवीवरून सुपावर, आणि शेवटी त्या आठ जणींनी चाळणी धरली तेव्हा खिडक्यांची तावदानेही तिच्यात सामील झाली. मी सभासदांचे चेहरे पाहत होते. कोणीही शरमले नव्हते. ज्यांना तीन-तीन, चार-चार मुले झालेली, त्यांना पोट या अवयवात नवे असे काय दिसणार? पहिल्या रांगेतल्या एका आजींनी एवढेच विचारले, "हे गुडघ्याला चालते का गं?"

आम्ही जिंकलो होतो. तेवढ्यात अध्यक्षबाईंनी कौतुकाने विचारले, "घुंगरे फारच छान आहेत. कुठून आणली?"

"इचोड्याहून," कावेरीवहिनी अभिमानाने म्हणाल्या. "आमच्या बैलाईले जिथून घेतो ना, तिथूनच."

मग दुसऱ्या रांगेतून प्रश्न आला, "म्हणजे ही बैलांची आहेत?" तिसऱ्या रांगेतून, "बैलांची माळ सुवासिनीच्या कमरेला?" आणि भिंतीशी बसलेल्या कोणी तरी, "बायका म्हणजे काय बैल आहेत?" अश्लीलतेविरुद्ध आमचे सर्व पुरावे सज्ज होते, बैलांच्या बाजूने माझ्याकडे एकही तक्ता नव्हता.

अध्यक्षबाई उठल्या. "व्यायामाला माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "परंतु पोळ्याला आपण ज्यांची पूजा करतो, त्यांचे अलंकार कमरेला बांधून हिंडावे, हे या संस्थेला शोभणार नाही."

मी लगेच उभी राहिले. हैदराबादहून नाचाची साधी घुंगरे मागवू, या माळा आजच परत करू, असा प्रस्ताव मांडला. अध्यक्षबाईंची मान होकारार्थी हलू लागली. एवढ्यावर सगळे मिटत होते. आणि तेव्हा मावशी बोलल्या. आवाज चढवला नाही, कोणाच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. पहिल्या रांगेतल्या पोटांवरून त्यांची नजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकली.

"बैलाची माळ बांधली तर लाज वाटून राह्यली तुमाले. बैलाचं जू वर्षातून एक दिवस तरी उतरते, बाई. खांद्याले लोणी लावतेत, पुरणाची पोळी चारतेत. ती पोळी लाटते कोण? तुमच्या खांद्यावरचं कवा उतरते?"

मग मागच्या रांगेतून एक हसू फुटले. ते माझ्या आईचे होते. ती वीस वर्षे हिशेब तपासत आलेली बाई. सभेत कधी हसत नसे. तिच्यापाठोपाठ दहा-बारा जणी हसल्या, त्या थांबेनात. अध्यक्षबाईंना वाटले, हे हसू त्यांच्यावरचे आहे. त्यांची हलणारी मान थांबली.

"वर्ग पुढे चालू ठेवावा असे ज्यांना वाटते, त्यांनी हात वर करावेत," त्या म्हणाल्या.

आमच्या मंडळात तोवर कोणताही ठराव मतभेदाने झाला नव्हता. पद्धत अशी होती की अध्यक्षबाईंचा हात आधी वर जाई, मग इतरांचे. त्या दिवशी त्यांचा हात मांडीवरच राहिला. आताच खदखदून हसलेल्या बाया त्या हाताकडे पाहत बसल्या. ज्यांच्या कमरेला घुंगरे होती त्यांच्यातही कुजबुज झाली, एकीने माळेचे बक्कल चाचपले. आईने हात वर केला. कावेरीवहिनींनी दोन्ही केले, पण त्या सभासद नव्हत्या. ठराव पडला.

जिन्यावरून उतरताना मी मावशींना म्हणाले, "शेवटचे ते वाक्य बोलायला नको होते. सगळे जमत आले होते."

"मी कुठं बोलली?" त्या म्हणाल्या. "पोट बोललं." दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. "आन् खरं सांगू का, ते मस्कतलाच बोलायचं होतं. तिथं बारा वर्षं गिळलं."

हॉल महिनाअखेरपर्यंत आमचा होता. शेवटच्या वर्गाला हात वर न केलेल्या सगळ्या जणी आल्या, आणि सोबत कधी न आलेल्या सहा जणीही. सभेबद्दल कोणी बोलले नाही. प्रत्येकीच्या डब्यात काहीतरी गोड होते आणि प्रत्येक डबा मावशींपुढे ठेवला जात होता. मावशी झाकणे उघडून वास घेत आणि आणणारीच्या पोटाला म्हणत, "कळलं बाबू, कळलं." पाच वाजता किल्ली घ्यायला अध्यक्षबाई स्वतः आल्या. वर्ग अजून चालू होता, म्हणून दाराशी खुर्ची घेऊन, पर्स मांडीवर धरून बसल्या. जातं सुरू झाले. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आले की मांडीवरची पर्स अतिशय संथ गतीने, गोल फिरते आहे. मावशींच्याही ध्यानात आले होते. त्या नाचत नाचत दारापाशी गेल्या, वाकल्या आणि पर्समागच्या पोटाला म्हणाल्या, "तू शिकलेला हायेस. घरी दळण होतं व्हय?"

"आमच्याकडे पहाटे दळत असत," अध्यक्षबाई म्हणाल्या. एवढेच. मग त्यांनी किल्ली घेतली, सगळ्या बाहेर पडेपर्यंत थांबल्या आणि कुलूप लावून दोनदा ओढून पाहिले.

हॉल गेला तसा मावशींनी मस्कतच्या सुनेचा व्हिसा घेतला, पण त्या परत गेल्यावरही वर्ग अगदीच बंद पडला असे नाही. कावेरीवहिनींच्या खोलीत पाच-सहा जणी जमत. तिथे कपाट हलवल्याशिवाय चाळणी करता येत नसे. मला जागा मिळाली, हैदराबादला. मुलाखतीच्या दिवशी दाराबाहेर बसले असताना सगळी सूत्रे डोक्यातून उडाली होती. समोरच्या उमेदवारांचे चेहरे पाहून धीर खचत होता. मी चेहरे पाहायचे सोडले आणि त्यांच्या पोटांकडे पाहिले. सगळीच्या सगळी आकसून बसली होती. मी माझे सैल सोडले. आज प्रयोगशाळेत नवे विद्यार्थी येतात तेव्हा माझी नजर आधी खाली जाते, मग वर. ही सवय मी कोणाला समजावून सांगत नाही.

मावशी मस्कतला निघाल्या त्या दिवशी त्यांना निरोप द्यायला आम्ही पंधरा जणी आदिलाबादच्या बस स्थानकावर गेलो होतो. हैदराबादची बस, तिथून रात्रीचे विमान. मावशी भावाने धरून ठेवलेल्या खिडकीच्या जागेवर बसल्या होत्या, साडीवर नवा स्वेटर, डोक्याला रुमाल. खिडकी उंच असल्याने आतून आमचे फक्त चेहरे दिसत होते. त्या एकेकीकडे नवख्यासारख्या पाहत राहिल्या. माझ्यापाशी आल्यावर म्हणाल्या, "तू अशी दिसते व्हय? मले वाटलं थोडी गोरी असशील."

सगळ्या हसल्या. त्या अखंड बोलत होत्या. कावेरीवहिनींना म्हणाल्या, कापूस ओला विकू नको. आईला म्हणाल्या, पोरीच्या लग्नाचं कोणाले सांगत बसू नको, तिले शिकू दे. ड्रायव्हरकडे बोट करून म्हणाल्या, याचं पोट पाहा, हा पुढच्या गुडीहत्नूरलाच चहाले थांबणार. मस्कतची सून आता अंगाने कशी सुटली असेल आणि तिला पुन्हा जात्यापासून कसे शिकवावे लागेल, याचीही त्यांनी नक्कल करून दाखवली. चेहऱ्यावर हसू, आवाज खणखणीत, हात खिडकीबाहेर. वर्गातल्या प्रत्येकीने तो हात एकदा धरला. माझी पाळी आली तेव्हा माझी बोटे सवयीने मनगटावर गेली आणि नजर घड्याळावर. इतके दिवस सगळ्यांची नाडी मोजली होती, त्यांची कधीच नाही. त्यांनी हात काढून घेतला नाही. बोलायच्याही थांबल्या नाहीत.

बसचे इंजिन सुरू होईपर्यंत एक मिनिट पूर्ण झाले. मावशी अर्ध्या तासापासून एकाच जागी बसून होत्या. नाडी एकशे चौतीस.